वेदनेचे अधिष्ठान

ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेचा आरंभ एखाद्या फिर्यादीसारखा आहे. मनुष्याला तीन प्रकारची दुःखे पीडा देतात. त्यांतील काही त्याच्या स्वतःच्या देहातून व मनातून उद्भवतात, काही इतर प्राण्यांकडून येतात, काही दैवी शक्तींच्या क्षोभातून. आणि या पीडेमुळेच ती नाहीशी करण्याचा उपाय कोणता, ही जिज्ञासा त्याच्या ठिकाणी उत्पन्न होते. ग्रंथकाराने इतके म्हणताच प्रतिपक्षी हरकत घेतो की, उपाय तर डोळ्यांसमोर आहेत. देहाच्या दुःखावर निष्णात वैद्यांनी सांगितलेली औषधे आहेत, मनाच्या दुःखावर रुचकर अन्न, वस्त्रे, अलंकार आणि प्रिय माणसांचा सहवास आहे, आणि हे सारे सुकर असताना अनेक जन्मांच्या अभ्यासाने साधणाऱ्या तत्त्वज्ञानाच्या वाटेला कोणी का जावे? सांख्यांचे उत्तर फार थोडक्यात आहे. दृष्ट उपाय ऐकान्तिक नाही आणि आत्यंतिकही नाही. म्हणजे तो केल्याने दुःख जाईलच असा भरवसा नाही, आणि गेलेले दुःख परत येणार नाही अशी हमीही नाही. वैद्यकाविषयी इतका नेमका, इतका निर्दय आणि बव्हंशी इतका खरा अभिप्राय आपल्या तत्त्वग्रंथांत क्वचितच आढळेल.

तो अभिप्राय पारखून पाहण्यास व्याधी मात्र योग्य निवडावा लागतो. जो ज्वर आठवड्यात उतरतो त्याच्यापाशी वैद्याचा विजय निर्विवाद असतो, आणि मृत्यूपाशी त्याचा पराभवही तितकाच निर्विवाद. या दोन टोकांवर वाद घालण्यात स्वारस्य नाही. जो मारत नाही आणि जातही नाही, जो माणसाला जिना, पाट, शौचकूप आणि देवळाची पायरी या चार ठिकाणी रोज नव्याने जाब विचारतो, असा झिजेचा संधिवात, ज्याला डॉक्टर ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात, तो या कामाला उत्तम. त्यातही अलीकडे ज्या उपायाकडे संशोधकांचे लक्ष लागले आहे तो, म्हणजे वृद्धिघटक नावाची प्रथिने सांध्यातील कूर्चेच्या पेशींपर्यंत पोचवून त्यांचा दाह शमवण्याचा व त्यांना पुन्हा बांधकामाला लावण्याचा प्रयत्न, मला तत्त्वचिंतनाच्या दृष्टीने विलक्षण वाटतो; कारण दुःख नेमके कोठे राहते, हा जुना प्रश्न त्याने प्रयोगशाळेच्या मेजावर आणून ठेवला आहे.

हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत, निळसर-पांढरी कूर्चा असते तिची गुडघ्यातील जाडी दोन ते चार मिलिमीटर. तिच्यात रक्तवाहिनी नाही, लसिकावाहिनी नाही, मज्जातंतू नाही. तिचा बहुतेक भाग पाण्याचा. ते पाणी धरून ठेवणारे ॲग्रेकॅन नावाचे ऋणभारित रेणू, त्यांना आवळून धरणारे कोलॅजनचे जाळे, आणि या साऱ्या विस्तारात विरळ विखुरलेल्या कूर्चापेशी, ज्यांचा वाटा आकारमानाने एखाददुसऱ्या टक्क्याहून फारसा अधिक नाही. सुश्रुताने सांध्यातील श्लेष्म्याला आसाला घातलेल्या वंगणाची उपमा दिली, आणि आजही आपल्याकडे ‘गुडघ्यातले वंगण संपले’ असेच म्हणतात. पण कूर्चा हे वंगण नव्हे, ती एक सजीव वस्ती आहे, फार थोड्या रहिवाशांची. लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे विल्यम हंटरने १७४३ मध्ये या वस्तीविषयी जो निर्वाळा दिला, की कूर्चा एकदा नष्ट झाली म्हणजे ती पुन्हा भरून येत नाही, तो पावणेतीनशे वर्षांत कोणाला सर्वस्वी खोडून काढता आलेला नाही.

येथे चरकसंहितेच्या शारीरस्थानातील एक विधान आठवते. वेदनांचे अधिष्ठान कोणते, या प्रश्नाला तेथे असे उत्तर आहे की मन आणि इंद्रियांसहित देह हे वेदनांचे अधिष्ठान होय, मात्र केस, लोम, नखांची टोके, पोटातील अन्न, मल व द्रव एवढी यातून वगळावीत. चरकाच्या या अपवादांच्या यादीत निरोगी कूर्चेचे नाव घालावयास हवे होते, कारण तिला कापले तरी तिला ते कळत नाही. म्हणजे ज्या ठिकाणी व्याधी आहे त्या ठिकाणी वेदना नाही, आणि ज्या ठिकाणी वेदना आहे, म्हणजे कूर्चेखालच्या हाडात, सांध्याच्या अस्तरात, भोवतालच्या बंधांत, तेथे व्याधीचे मूळ असेलच असे नाही. क्ष-किरणांच्या चित्रात गुडघा पार झिजलेला दिसतो आणि माणूस खुशाल शेतावर जातो. दुसऱ्याच्या चित्रात फारसे काही नसते आणि तो रात्रभर कण्हतो. ही विसंगती डॉक्टरांना नित्य परिचयाची आहे. नैयायिकांनी दुःखाला आत्म्याचा गुण मानले, सांख्यांनी बुद्धीचा विकार मानून पुरुष तो चुकीने आपला समजतो असे म्हटले, आणि हा वाद आपण परीक्षेपुरता पाठ करून सोडून दिला. पण दुःख हे दुखावलेल्या वस्तूत राहत नाही, एवढ्यापुरते दोघांचेही म्हणणे गुडघा मान्य करतो.

चरकाच्याच सूत्रस्थानात, सोळाव्या अध्यायात, अग्निवेश आपल्या गुरूला एक अडचणीचा प्रश्न विचारतो. पदार्थांच्या उत्पत्तीला कारण लागते, नाशाला लागत नाही. देहातील धातू स्वभावतःच प्रतिक्षणी लय पावतात. मग जे आपोआप नष्ट होते आहे त्याच्या बाबतीत वैद्य करतो तरी काय? आत्रेयांचे उत्तर असे की नष्ट झालेल्याला वैद्य परत आणत नाही. पुढे जे उत्पन्न व्हायचे आहे ते विषम न होता सम व्हावे अशी कारणे तो जुळवून देतो, आणि तेवढेच चिकित्सेचे कर्म. हे उत्तर त्वचेला लागू आहे, रक्ताला लागू आहे, हाडालाही लागू आहे, कारण हाड मोडले तर सांधते. कूर्चेपाशी मात्र ते अडखळते, आणि अडखळण्याचे कारण २०१६ साली कोपनहेगनच्या संशोधकांनी स्पष्ट केले. १९५० आणि ६०च्या दशकांत वातावरणात केलेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतील किरणोत्सारी कार्बन एकदम वाढला व पुढे क्रमाने ओसरला; त्या चढउताराची खूण देहातील प्रत्येक ऊतीत तिच्या घडणीच्या काळानुसार उमटलेली असते. या खुणेवरून त्यांनी माणसांच्या गुडघ्यातील कूर्चेचे वय काढले, तेव्हा तिच्यातील कोलॅजन बालपणी व कुमारवयात घडलेले, आणि त्यानंतर जवळजवळ मुळीच न बदललेले असे निघाले. व्याधिग्रस्त गुडघ्यांतही तेच.

याचा अर्थ लक्षात घ्यावा. ज्या देहाला आपले संत व दार्शनिक क्षणभंगुर म्हणत आले, त्या देहात एक वस्तू अशी आहे की ती आयुष्यभर तीच राहते. सत्तर वर्षांच्या माणसाच्या गुडघ्यात त्याच्या शाळकरी वयातले कोलॅजन जसेच्या तसे असते. आणि नेमकी तीच वस्तू बरी होत नाही. जे क्षणोक्षणी मरते ते सांधते, भरून येते, नवे होते. जे टिकते ते फक्त झिजते. नित्यत्वाला श्रेष्ठत्व देण्याची आपल्या विचाराला इतकी सवय झालेली आहे की ही गोष्ट प्रथम उलटी वाटते. ब्रह्माच्या नित्यत्वाविषयी येथे काही बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु देहाच्या इलाख्यात तरी आरोग्य हे नाशाच्या पोटी जन्मते, आणि बौद्धांच्या क्षणिकवादाला आमच्या आचार्यांनी जी दूषणे दिली त्यांतील काहींचा फेरविचार गुडघ्याच्या साक्षीने करावा लागेल, एवढे म्हणायला प्रत्यवाय नसावा.

कोलॅजनचे जाळे टिकाऊ असले तरी त्याला तोडणारे मात्र घरातच असते. सांख्यांनी या जातीच्या दुःखाला आध्यात्मिक म्हटले ते किती यथार्थ आहे हे कूर्चेच्या दाहात दिसते. बाहेरचा जंतू नाही, विष नाही, शत्रू नाही. जुना मार लागतो, वजनाचा भार विषम पडतो, वय होते. सांध्याच्या अस्तरातून आणि खुद्द कूर्चापेशींतून इंटरल्यूकिन-१, टीएनएफ-अल्फा असे दाहाचे निरोप सुटतात. ते निरोप मिळताच ज्या पेशीने आयुष्यभर जाळे सांभाळले तीच जाळे तोडणारी विकरे स्रवू लागते. आणि तुटलेल्या तुकड्यांची चाहूल लागून तिचा दाह आणखी भडकतो. राखणदारानेच वाडा पाडायला घ्यावा, आणि पडलेल्या प्रत्येक विटेच्या आवाजाने अधिक घाबरून त्याने पहारीचा वेग वाढवावा, असे हे चक्र आहे. त्याला दुष्ट म्हणावे तर त्याचा हेतू रक्षणाचाच आहे.

या पेशीला शांत करून पुन्हा तिच्या कामाला लावू शकेल असा निरोप देहात आहे काय? आहे, आणि त्याचा शोध कूर्चेवरच लागला. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात सॅमन आणि डॉहाडे या दोघांनी १९५७ साली उंदरांच्या कूर्चेचे तुकडे घेऊन असे दाखवले की वाढीचे संप्रेरक थेट कूर्चेवर घातले तर ती फारशी दाद देत नाही, पण ज्या उंदराला ते टोचले आहे त्याच्या रक्तद्रवाने मात्र ती गंधक-क्षार ओढून घेऊन बांधकाम सुरू करते. म्हणजे मध्ये कोणी मुखत्यार आहे. तो मुखत्यार पुढे आयजीएफ-१ या नावाने ओळखला गेला. तो कूर्चापेशीला कोलॅजन व ॲग्रेकॅन घडवण्यास उद्युक्त करतो, आणि इंटरल्यूकिनने चालवलेल्या मोडतोडीला अंशतः आवर घालतो. योगायोग असा की त्याच विद्यापीठात, त्याच दशकात, रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन हे दुसऱ्या एका वृद्धिघटकाचा, मज्जातंतूंना वाढवणाऱ्या एनजीएफचा, माग काढत होते. या बाईंनी युद्धकाळात, वंशभेदाच्या कायद्यांनी विद्यापीठाचे दार बंद केल्यावर, तुरीनमध्ये आपल्या झोपण्याच्या खोलीत कोंबडीच्या गर्भांवर प्रयोग चालू ठेवले होते. दोघांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या दुसऱ्या घटकाकडे पुढे यावयाचे आहे.

निरोप आहे, तर तो धाडावा, आणि प्रश्न मिटला, असे वाटते. पण दोन अडचणी आहेत. पहिली अशी की वृद्ध आणि व्याधिग्रस्त कूर्चापेशी आयजीएफला पूर्वीसारखी दाद देत नाही. निरोप दारापर्यंत येतो आणि आत कोणी ऐकत नाही. दुसरी अशी की सांध्यात टोचलेले लहान प्रथिन काही तासांतच अस्तरातून रक्तात निघून जाते, आणि कूर्चेचे दाट जाळे ओलांडून खोलवरच्या पेशींपर्यंत पोचायला त्याला तेवढी सवड मिळत नाही. केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील एमआयटीमध्ये पॉला हॅमंड, ॲलन ग्रॉड्झिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली या दुसऱ्या अडचणीवर जी तजवीज प्रसिद्ध केली ती मोठी मार्मिक आहे. कूर्चा ऋणभारित आहे, म्हणून त्यांनी आयजीएफला धनभारित अशा फांद्याफांद्यांच्या एका सूक्ष्म रेणूवर बसवले. धनभार फार झाला तर तो वाहक पृष्ठभागावरच घट्ट चिकटून बसतो व खोल जात नाही. फार कमी झाला तर धरला न जाता वाहून जातो. म्हणून त्या भाराचा काही भाग त्यांनी दुसऱ्या एका निष्क्रिय रेणूने झाकला, म्हणजे वाहक धरतो आणि सोडतो, पुन्हा धरतो, पुन्हा सोडतो, आणि असा सरकत सरकत आत जातो. माणसाच्या कूर्चेइतक्या जाड अशा गाईच्या कूर्चेत तो दोन दिवसांत पार झाला; उंदरांच्या गुडघ्यांत औषध तीस दिवसांपर्यंत आढळले, आणि दुखापत केलेल्या गुडघ्यांची झीज व दाह उपचार न केलेल्यांपेक्षा कमी राहिला. गीतेचा कोणताही वाचक येथे अनासक्तीचे रूपक काढायला धावेल. मी ते काढणार नाही; रेणूला काही सोडावयाचे नसते, आणि ज्याला सोडावयाचे नाही त्याच्या सैलपणाला वैराग्य म्हणणे म्हणजे वैराग्याची किंमत उतरवणे होय.

मला येथे थांबावेसे वाटते ते त्या उंदरांपाशी. ज्ञानेश्वरांनी तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवरण करताना, यज्ञातील हिंसेबरोबर आयुर्वेदालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. एका जीवाला वाचवण्यासाठी झाडांची मुळे खणावीत, साली सोलाव्यात, प्राण्यांचा घात करावा, ही कसली अहिंसा, असा त्यांचा रोख आहे. वैद्यकावर असा आक्षेप घेण्याचे धैर्य फार थोड्या धर्मग्रंथांनी दाखवले असेल, आणि आमची प्रवचने हा भाग बहुधा घाईने ओलांडतात. दोन पायांवर चालणाऱ्याचा गुडघा बरा व्हावा म्हणून चार पायांवर पळणाऱ्याचा गुडघा शस्त्राने बिघडवला जातो, आणि त्याला कशासाठी हे सोसावे लागले हे त्याला कधीच कळत नाही. या हिशेबाला उत्तर नाही असे नाही. लक्षावधी माणसांची वर्षानुवर्षांची पीडा दुसऱ्या पारड्यात आहे, आणि मी स्वतः त्या पारड्याच्या बाजूने कौल देतो. पण कौल देताना पहिले पारडे रिकामे होते असे भासवू नये. सांख्यांनी वैदिक कर्माला जे तीन दोष लावले, ते म्हणजे हिंसेमुळे येणारी अशुद्धी, फळाचा क्षय आणि एकाला अधिक दुसऱ्याला उणे अशी विषमता, त्यांतील पहिला येथे स्पष्टच आहे, दुसरा तीस दिवसांनंतर दिसू लागतो, आणि असे औषध कधी बाजारात आलेच तर तिसरा त्याच्या किमतीच्या चिठ्ठीवर छापलेला असेल.

आता माणसांकडे यावे. एफजीएफ-१८ या आणखी एका वृद्धिघटकापासून केलेले स्प्रिफर्मिन हे औषध ५४९ रुग्णांवर तपासले गेले आणि त्याचे दोन वर्षांचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. सर्वांत मोठी मात्रा दर सहा महिन्यांनी ज्यांना मिळाली त्यांची कूर्चा सरासरीने ०.०५ मिलिमीटर जाड झाली. ज्यांना नुसती निरुपद्रवी सुई मिळाली त्यांची ०.०२ मिलिमीटर पातळ झाली. हंटरच्या निर्वाळ्याला लागलेला हा पहिला गंभीर धक्का. पण त्याच कागदावर पुढे असे लिहिले आहे की वेदनेच्या मापनात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. कूर्चा वाढली, दुःख तेथेच राहिले.

याच्या अगदी उलट कहाणी एनजीएफची. झिजलेल्या सांध्यात हा घटक वाढतो, आणि त्याच्या प्रेरणेने, हाड व कूर्चा यांच्या सीमेवरून, जेथे पूर्वी कधी नव्हते तेथे रक्तवाहिन्या व मज्जातंतू शिरू लागतात; चरकाच्या अपवादांच्या यादीत बसवलेली कूर्चा अशा रीतीने त्या यादीतून बाहेर पडते. तेव्हा एनजीएफला बांधून ठेवणारे टॅनेझुमॅब नावाचे प्रतिपिंड तयार झाले. वेदना खरोखर उतरली. परंतु ते घेणाऱ्यांपैकी काहींचे सांधे अपेक्षेपेक्षा फार झपाट्याने उद्ध्वस्त झाले, आणि मार्च २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध-प्रशासनाच्या सल्लागार समितीने १९ विरुद्ध १ अशा मतांनी त्याच्या विरोधात कौल दिला. त्याच वर्षी ते काम बंद झाले. येथे दुःख गेले आणि सांधा गेला.

हे दोन निकाल शेजारी ठेवले म्हणजे दृष्ट उपायाविरुद्धचा सांख्यांचा आक्षेप सांख्यांनाही सुचला नसेल अशा खोलीला जातो. उपाय फसतो म्हणून तो ऐकान्तिक नाही, इतकेच त्यांचे म्हणणे. येथे उपाय फसलेला नाही, दोन्हीकडे तो आपल्या लक्ष्यावर अचूक बसला आहे, आणि तरी माणसाचे दुःख निसटले किंवा फार मोठी किंमत घेऊन गेले. देहाची विकृती आणि जीवाची वेदना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यामध्ये मन, झोप, वजन, एकटेपणा, जिना चढण्याची भीती अशी किती दप्तरे आहेत, हे आता मापून दाखवले गेले आहे. तरीही यावरून ‘दुःख मनातच आहे’ असा सोयीस्कर निष्कर्ष काढणाऱ्यांशी माझे जमत नाही. टॅनेझुमॅबच्या रुग्णांनी हे उघड केले की वेदना ही पहारेकरीणही असते; ती गप्प झाली की माणूस मोडक्या सांध्यावर मनमुराद भार टाकतो. तिला नुसता भ्रम म्हणणाऱ्या वेदान्ताने तिची ही नोकरी ध्यानात घेतलेली नाही.

आणखी एक वाद येथे पुन्हा जिवंत झाला आहे. चरकाच्या सूत्रस्थानात, दहाव्या अध्यायात, मैत्रेय असा पूर्वपक्ष मांडतो की उत्तम वैद्य, औषध, परिचारक सर्व असूनही काही रुग्ण मरतात आणि काहीही नसताना काही बरे होतात, सबब औषध आणि अनौषध ही सारखीच. ऑस्ट्रेलियात रक्तातील बिंबिका दाट करून सांध्यात टोचण्याच्या, म्हणजे पीआरपीच्या, उपचाराची २८८ रुग्णांवर परीक्षा झाली. त्या द्रवात अनेक वृद्धिघटक असतात आणि आपल्या शहरांतूनही तो मोठ्या विश्वासाने टोचला जातो. २०२१ साली निकाल आला. बारा महिन्यांनंतर पीआरपी घेतलेल्यांची वेदना दहाच्या मापावर २.१ ने उतरली, नुसते खारे पाणी घेतलेल्यांची १.८ ने, आणि या फरकाला संख्याशास्त्राने महत्त्व दिले नाही. कूर्चेची घटही दोन्हीकडे जवळजवळ सारखीच. मैत्रेय हा कागद हातात घेऊन आत्रेयांपुढे उभा राहिला असता तर? आत्रेयांचे मूळ उत्तर असे होते की जो आपोआप बरा होणार आहे त्यालाही औषध लवकर व सुखाने उभे करते. या परीक्षेपुरते ते उत्तर टिकत नाही, आणि ते टिकत नाही हे मान्य करण्यात आत्रेयांचा अपमान नाही, कारण वाद संपवायला परीक्षा घ्यावी हीच त्यांच्या संहितेची वृत्ती आहे. अपमान होतो तो वेगळ्या ठिकाणी. दक्षिण कोरियात कूर्चापेशींत वृद्धिघटकाचे जनुक घालून केलेले एक औषध २०१७ साली मंजूर झाले, आणि २०१९ मध्ये त्यातील त्या पेशी कूर्चेच्या नसून मूत्रपिंडापासून निघालेल्या असल्याचे उघडकीस आल्यावर मंजुरी रद्द झाली. ज्यांच्या गुडघ्यात ती सुई आधीच गेली होती त्यांच्या दृष्टीने ऐकान्तिक व आत्यंतिक यांच्या फार आधी सत्याचाच प्रश्न उभा राहतो.

तर मग सांख्यांचा फैसला मान्य करावा काय? त्यांनी मोजमाप बरोबर केले, असे मी म्हणेन. निष्कर्ष मात्र त्यांना पाहिजे होता तो काढला. जो उपाय ऐकान्तिक व आत्यंतिक नाही तो मोक्षाला निरुपयोगी, हे निर्विवाद. पण त्यावरून तो उपेक्षणीय ठरत नाही, आणि आमच्याकडे तो तसा ठरवला गेला. चरकाने असाध्यातच ‘याप्य’ म्हणून जो एक वेगळा वर्ग ठेवला, की ज्यात रोग मुळासकट जात नाही, पण पथ्य व औषध चालू असेपर्यंत माणूस सुखाने वावरतो आणि जरा निमित्त होताच रोग पुन्हा उसळतो, त्या वर्गाला तत्त्वज्ञानात जागाच मिळाली नाही. दर्शनकारांना मुक्त आणि बद्ध अशी दोनच माणसे दिसली; दुपारी जरा बरे वाटल्यामुळे दारात येऊन बसलेली म्हातारी त्यांच्या कोणत्याच प्रकरणात बसेना. तिला मग प्रवचनकार सांगतात की आजीबाई, हे प्रारब्ध आहे, भोगून संपवायचे असते. जीवन्मुक्तालाही प्रारब्ध भोगावे लागते हा सिद्धांत ज्याने देहाचा अभिमान टाकला त्याच्यासाठी आहे. ज्याला उकिडवे बसता येत नाही म्हणून रडू येते त्याच्यावर तो लादणे हा शास्त्राचा दुरुपयोग आहे, आणि मी त्याला क्रौर्यच म्हणेन. ज्ञानेश्वरांनी जरेचे जे भीषण चित्र रंगवले आहे ते तरुणाने आधीच पाहून ठेवावे म्हणून. वृद्धाला त्याचेच दुःख ऐकवण्यासाठी नव्हे.

वृद्धिघटकांचा हा सारा उद्योग, त्याच्या उंदरांसकट, त्याच्या अपयशांसकट, याप्य वर्गातील आहे, आणि जो संशोधक तसे कबूल करतो तो मला सांख्यांच्या अधिक जवळचा वाटतो. सांध्याची झीज थांबवणारे म्हणून एकाही औषधाला अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने अद्याप मंजुरी दिलेली नाही. तोपर्यंत ज्याचा गुडघा दुखतो त्याने वजन उतरवावे, मांडीच्या स्नायूंना रोज थोडे काम द्यावे, आणि कोणी नवी कूर्चा उगवून देतो म्हणाला तर खिशात हात घालण्यापूर्वी त्याच्याकडे खाऱ्या पाण्याशी केलेल्या तुलनेचे आकडे मागावेत.